झुकलेल्या कलावंताची गोष्ट मराठीत कोण लिहिणार?

हरिपूरकर (धागाकर्ती)

सांगलीत नाटक आणि सरकार हा विषय निघाला की बोलणं फिरून 'कीचकवधा'वर येतं. यायलाच हवं. काकासाहेब खाडिलकर इथले. नाटक रंगभूमीवर आलं १९०७ साली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि भीम म्हणजे जहाल पक्ष, हे पिटातल्या माणसालाही समजावून सांगावं लागत नव्हतं. १९१० मध्ये मुंबई सरकारनं १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली त्यावर बंदी घातली. या इतिहासाचा मला अभिमान आहे आणि तो कमी करायला हा धागा काढलेला नाही.

सध्या मी हुकूमशाहीत जगलेल्या कलावंतांवरचं ललित लेखन वाचते आहे, आणि एक प्रश्न सारखा डोकं वर काढतो. मराठी कथा-नाटकांत असा कलावंत आला की तो बहुधा दोनच साच्यांतला असतो. एक छाती पुढे काढून तुरुंगात जाणारा, दुसरा बिदागीसाठी कवनं करणारा भाट. मधला माणूस कुठे आहे? ज्याचा मुलगा कोठडीत आहे, ज्याला अजून चार चांगल्या चीजा बांधायच्या आहेत आणि ज्याच्यापुढे तयार भाषणाचा कागद सरकवून "एवढं फक्त वाचून दाखवा" असं सांगितलं गेलंय, त्या माणसाची गोष्ट?

सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचचं बघा. २६ जानेवारी १९३६ ला स्तालिन त्याचा ऑपेरा बघायला मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरात गेला आणि संपायच्या आधीच उठून गेला. दोन दिवसांनी 'प्रावदा' या पक्षाच्या मुखपत्रात निनावी अग्रलेख आला, 'संगीताऐवजी गोंगाट'. त्याच वर्षअखेर शोस्ताकोविचनं आपली चौथी सिंफनी तालमी चालू असताना मागे घेतली. ती लोकांच्या कानावर पडली थेट डिसेंबर १९६१ मध्ये. २१ नोव्हेंबर १९३७ ला लेनिनग्राडमध्ये पाचवी वाजली. संथ भाग सुरू असताना श्रोते रडत होते आणि शेवटी अर्धा तास टाळ्या थांबेनात. ज्या शहरात रोज रात्री कुणाच्या तरी दारावर थाप पडत होती, त्या शहरात चारचौघांत बसून रडायची मुभा त्या संध्याकाळी मिळाली. सरकारदरबारी मात्र तीच सिंफनी 'रास्त टीकेला सोव्हिएत कलावंताचं उत्तर' म्हणून मिरवली गेली, आणि त्यानं ते चालू दिलं.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते. मनातून तो जिंकलाच, असं म्हणता येतं. पुढचं पचायला जड आहे. मार्च १९४९ मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेला धाडलं. भाषण त्याच्या नावावर होतं, लिहिलेलं दुसऱ्यांनी. स्त्राविन्स्की हा त्याच्या लेखी मोठा संगीतकार, आणि त्याची निंदा तुम्हाला मान्य आहे का असं भर सभेत विचारलं गेलं तेव्हा तो "हो" म्हणाला. १९६० मध्ये तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. १९७३ मध्ये सरकारविरोधी शास्त्रज्ञ साखारोवविरुद्धच्या पत्राखाली त्याची सही आहे. तोवर स्तालिनला जाऊन वीस वर्षं झाली होती. गोळी घालायला कुणी येणार नव्हतं.

इंग्रज लेखक ज्युलियन बार्न्सनं २०१६ मध्ये याच माणसावर एक छोटी कादंबरी लिहिली, 'द नॉईज ऑफ टाइम'. तीन भाग: एकदा तो रात्री लिफ्टशेजारी उभा आहे, एकदा विमानात आहे, एकदा मोटारीत. बाहेर जवळजवळ काही घडतच नाही. इतिहासाचं पुस्तक सही कुठल्या कागदावर आहे ते दाखवतं. त्या रात्री घरी जाऊन त्या माणसानं बायकोला काय सांगितलं, हे विचारायला कादंबरीकडेच जावं लागतं.

आणि तो एकटाच नाही. कवी मांदेलश्तामनं १९३३ मध्ये स्तालिनवर जहरी कविता केली, अटक झाली, हद्दपारी झाली. त्याच मांदेलश्तामनं १९३७ मध्ये स्तालिनची स्तुती करणारं दीर्घ काव्यही लिहिलं. उपयोग झाला नाही. डिसेंबर १९३८ मध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत तो वारला. कवयित्री आन्ना आख्मातोवाचा मुलगा १९४९ मध्ये पुन्हा पकडला गेला. १९५० मध्ये तिच्या स्तालिनस्तुतीच्या कविता साप्ताहिकात छापून आल्या. मुलगा सुटला १९५६ मध्ये. लेखक बुल्गाकोवनं तर तरुण स्तालिनवर अख्खं नाटक लिहिलं. ऑगस्ट १९३९ मध्ये नाटकाच्या तयारीसाठी मंडळी आगगाडीनं जॉर्जियाला निघाली होती, वाटेत तार आली: परत या. नाटक नामंजूर. सात महिन्यांत बुल्गाकोव वारला. ज्या कादंबरीमुळे आज जग त्याला ओळखतं तिचं हस्तलिखित तेव्हा घरातच होतं. ते बायकोनं जपलं आणि १९६६-६७ मध्ये काटछाट होऊन मासिकात आलं.

म्हणून मला वाटतं, ताठ उभा राहिलेला आणि वाकलेला ही दोन माणसं नसतात. पुष्कळदा ती एकाच आयुष्यातल्या दोन तारखा असतात. मराठीत यातली एकच तारीख लिहिली जाते. तुम्हाला काय वाटतं? सातारा-सांगलीकडच्या मंडळींनी तर नक्की लिहा.

अजिंक्यतारा

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी असहमत. झुकलेल्यांविषयी इतकी कणव दाखवायला लागलो तर जे झुकले नाहीत त्यांचं मोल कमी होतं.

डिसेंबर १९७५, कराड. आणीबाणी लागलेली. साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले परराष्ट्रमंत्री. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईत आजारी. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून जेपींच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. सरकारचा मंत्री समोर, गाव त्याचं, मांडव त्याचा. पुढे दुर्गाबाईंना अटकही झाली. त्या काळात गप्प बसलेल्या लेखकांची यादी केवढी मोठी असेल? त्या सगळ्यांवर कादंबऱ्या लिहायच्या का?

चिलीचा गायक विक्तोर हारा बघा. सप्टेंबर १९७३ मध्ये लष्करानं सत्ता घेतली, दुसऱ्या दिवशी तो पकडला गेला, स्टेडियममध्ये डांबून त्याचे हात ठेचले आणि मारून टाकलं. आज त्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. 'मधल्या माणसाच्या' नावाचं स्टेडियम कुठे असतं?

हरिपूरकर

अजिंक्यतारा, दुर्गाबाईंचं मोल कमी व्हावं असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण तुम्हीच म्हणालात ना, गप्प बसलेल्यांची यादी मोठी. त्या मांडवात दुर्गाबाई उभ्या राहिल्या तेव्हा खुर्चीत बसून असलेल्या एखाद्या कवीच्या पोटात काय झालं असेल? टाळी वाजवावी की नाही, शेजारी कोण बसलंय, शिक्षणखात्यातली नोकरी, मुलीचं लग्न. दुर्गाबाईंचं धैर्य किती मोठं होतं हे मला त्या खुर्चीतून जास्त नीट दिसेल. आपण ते नेहमी व्यासपीठावरून बघतो.

वाटेगावची_लेक

आमच्याकडच्या माणसाचं नाव अजून कसं आलं नाही?

अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, वाळवा तालुका. जन्मले तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४३ मध्ये त्यांनी स्तालिनग्राडचा पोवाडा लिहिला. म्हणजे वर ताईंनी ज्या राजवटीबद्दल लिहिलंय त्याच राजवटीच्या लढाईचा गौरव आमच्या शाहिरानं डफावर थाप मारून मुंबईच्या कामगारांपुढे गायला. याच काळात इकडे सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं आणि शाहिरांच्या पोवाड्यांना गावंच्या गावं लोटत होती. पोवाडा ही तेव्हा करमणूक नव्हती, पुढच्या गावाला निरोप पोचवायची रीत होती.

"अण्णाभाऊंना रशियातलं खरं माहीत नव्हतं, फसवले गेले" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. स्तालिनग्राडला बर्फात लढणारा शिपाई खोटा नव्हता. त्यानं हिटलरचं सैन्य अडवलं हे खोटं नव्हतं. ९ ऑगस्ट १९४२ ला वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये उपाशी वादकांनी याच शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवली आणि कर्णे लावून ती जर्मन फौजेला ऐकवली. ती वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर कुणी बंदूक धरली नव्हती, उलट वाद्य धरायलाही अंगात त्राण नव्हतं. एका राजवटीत जुलूमही असतो आणि गाण्याजोगं शौर्यही असतं. दोन्ही एकाच गावात, कधी एकाच घरात.

आणि गंमत म्हणून नाही, खरंच विचार करा: ज्यांनी परक्या देशाच्या शौर्याचा पोवाडा गायला त्याच अण्णाभाऊंच्या वगनाट्यावर स्वातंत्र्यानंतर आपल्याच मुंबई सरकारनं बंदी घातली. तेव्हा सत्ता आणि गाणं यांचं भांडण दूरच्या देशातलं समजू नका.

संगममाहुली

वाचतोय. उत्तम धागा.

आख्मातोवाबद्दल थोडी भर. तुरुंगाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या बायकांवरची तिची 'रेक्विएम' ही कविता कितीतरी वर्षं कागदावर नव्हतीच. घरात कुणी ऐकत असेल या भीतीनं ती मैत्रिणीशी हवापाण्याचं मोठ्यानं बोलत राहायची आणि तेवढ्यात चिठोऱ्यावर ओळी लिहून पुढे करायची. लिदिया चुकोव्स्काया त्या वाचून पाठ करायची. मग चिठोरा राखदाणीत जाळायचा. अशी मोजकी माणसं होती, ज्यांच्या डोक्यात ती कविता राहिली. मॉस्कोत ती छापून यायला १९८७ उजाडलं.

इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या तोंडी होती म्हणून तरली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. एक फरक मात्र ठळक आहे. तुकोबांचे अभंग म्हणणाऱ्याला पकडायला दारात गाडी येत नव्हती. चुकोव्स्कायाच्या नवऱ्याला गोळी घातलेली होती, तरी ती पाठ करत राहिली. माझ्या मते कादंबरी तिच्यावर हवी. जिनं स्वतः काही रचलं नाही, फक्त दुसरीचं जपलं, अशी बाई.

हरिपूरकर

संगममाहुली, खूप आभार. लिदिया स्वतः उत्तम लेखिका होती. १९३९-४० मध्ये, सगळं चालू असतानाच, तिनं अटकसत्रावर छोटी कादंबरी लिहून वही लपवून ठेवली होती. पण जपणाऱ्या बाईची कादंबरी हवी, हे शंभर टक्के मान्य.

नेपथ्यवाला

पस्तीस वर्षं हौशी रंगभूमीवर आहे, विष्णुदास भावे नाट्यमंदिराच्या विंगेत उभं राहून आयुष्य गेलं, म्हणून लिहितो.

बाहेरच्या लोकांना वाटतं की नाटकावर वचक म्हणजे कुणीतरी येऊन प्रयोग बंद पाडणं. तसं क्वचित होतं. आपल्याकडे आजही संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, प्रमाणपत्राचा क्रमांक आला की पुढचं काम. यात लपूनछपून काही नाही, सगळ्यांना ठाऊक असलेली पद्धत आहे. मला सांगायचंय ते त्याच्याही आधीचं. स्पर्धेसाठी बसवलेल्या एका एकांकिकेच्या पहिल्या वाचनाला दिग्दर्शकानं तीन वाक्यं पेन्सिलीनं खोडली. कुणी हरकत घेतली नव्हती, संहिता अजून कुठे गेलीच नव्हती. तो नुसता म्हणाला, "कशाला." लेखक समोर बसला होता, तोही काही बोलला नाही. चहा आला आणि आम्ही पुढच्या पानावर गेलो. ती पेन्सिल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

लोकशाहीत हे होतं, मग जिथे वाक्याला माणूस गायब होतो तिथे लेखकाच्या डोक्यात किती पेन्सिली चालत असतील? ललित लेखनानं पकडायचं ते हे. धाडी, पोलीस, चौकशीच्या खोल्या सगळेच लिहितात.

नटांबद्दल बोलायचं तर जर्मन लेखक क्लाउस मानची १९३६ मधली 'मेफिस्टो' वाचा. नात्झी राजवटीत चढत गेलेल्या एका मोठ्या जर्मन नटावर बेतलेली, लेखकाचा तो एके काळचा मेहुणा. तो नट दुष्ट नाही. त्याला चांगल्या भूमिका हव्यात, बस्स. माझ्या ओळखीच्या प्रत्येक नटाला हेच हवं असतं, म्हणून ती कादंबरी वाचताना घाम फुटतो.

खाडिलकरांबद्दल एक नोंद. 'कीचकवधा'वर बंदी आली १९१० मध्ये, 'मानापमान' आलं १९११ मध्ये. राजकारणाच्या नाटकावरून संगीत नाटकाकडे. याला झुकणं म्हणाल का? मी म्हणत नाही, कारण पुढे 'नवाकाळ'मधल्या लेखनापायी त्यांनी १९२९ मध्ये राजद्रोहाची शिक्षा भोगली. पण त्या एका वर्षात त्यांच्या मनात काय चाललं होतं, हा मराठी कादंबरीकाराला आयता मिळालेला विषय आहे आणि तो तसाच पडून आहे.

अजिंक्यतारा

नेपथ्यवाला, पेन्सिलीचा मुद्दा मान्य. याचा विचार करतो.

खरज

मी मिरजेचा. घरात तंबोरे-सतारी बनतात, आता तर मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. माझा प्रश्न साधा आहे. वर सगळे शब्दांबद्दल बोलताय. शब्दच नसलेलं संगीत राज्यकर्त्याला का खुपतं?

जुलै २०२३ मध्ये अफगाणिस्तानातल्या हेरातला तालिबाननं वाद्यांची होळी केली. गिटार होतं, पेटी होती, तबला होता. ते फोटो आमच्या कारखान्यात सगळ्यांनी पाहिले आणि कुणी बराच वेळ बोललं नाही. काबूल हे काही आपल्याला परकं नाही, तिथले गायक उस्ताद सराहंग पतियाळ्याला शिकून गेलेले. काबूलच्या संगीत संस्थेतली मुलं-मुली, शिक्षक २०२१ अखेर पोर्तुगालला गेले. जी वाद्यं तिथेच राहिली असतील त्यांचं काय झालं असेल, हे मला सुचतं आधी. वाद्य बनवणाऱ्याला माणसाआधी लाकूड दिसतं, रागावू नका.

शोस्ताकोविचच्या पाचव्या सिंफनीत शब्द नाहीत, म्हणून ती वाचली असं मला वाटतं. सरकारला त्यात विजय ऐकू आला, श्रोत्यांना सुतक. पण तालिबानला नेमकी हीच अनिश्चितता नको आहे. ज्याचा अर्थ आपण ठरवू शकत नाही ते जाळून टाका.

हरिपूरकर

खरज, तुमचा प्रतिसाद वाचून ठरवलं की जे लिहितेय त्यातला तुकडा इथे टाकावा. कथेत देश, साल काही नाही. सत्ताधीशाला सगळे 'पालक' म्हणतात. आकाशवाणीसारखं एक केंद्र आहे. बुवांना पालकांच्या वाढदिवसाला स्तुतिगीत गायचंय, चाल त्यांनीच बांधलीय. सोमवारी प्रक्षेपण. शनिवारी ते तंबोरा घेऊन कारागिराकडे येतात. (जवारी म्हणजे घोडीवर तारांखाली बसवलेल्या दोऱ्यांमुळे सुराला येणारी गुंज.)

"कारागिरानं मांडीवर घोंगडीची घडी टाकली आणि भोपळा तिच्यावर टेकवला. खरजाची तार छेडली. सूर उठला, गोल झाला, दुकानभर फिरून परत आला.

'लागलेली आहे की जवारी. काय करू?'

'दोरे काढा.'

'कुठल्या तारेचे?'

'चारही.'

कारागिरानं घोडीवरून बोट फिरवलं. तारांखालचे बारीक दोरे त्यानंच बसवले होते, केसाएवढे मागे-पुढे करत, अर्धी दुपार घालवून. त्यानं वर पाहिलं नाही.

'कधी आहे?'

'सोमवारी. बातम्या झाल्या की.'

'मुका वाजेल.'

'माहीत आहे.'

'ऐकणाऱ्याला कळेल.'

'ज्याला कळायचं त्याला कळेल.'

कारागिरानं पहिला दोरा ओढून काढला आणि पुन्हा तार छेडली. सूर होता, पण त्याच्या मागून येणारं काही नव्हतं. त्यानं दुसरा काढला. रस्त्यावरून शाळेची मुलं पालकांच्या नावाच्या घोषणा देत गेली. चौथा दोरा निघाल्यावर बुवांनी खिशात हात घातला. कारागीर म्हणाला, 'याचे पैसे घेत नाही मी.' बुवांना तो आदर वाटला की तिरस्कार, हे त्यांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही."

संगममाहुली

फार सुंदर. शेवटचं वाक्य विशेष.

खरज

जवारीचं वर्णन अगदी बरोबर, आमच्याकडे असंच चालतं. पण कारागीर म्हणून एक बोलू का ताई? दोरा ओढून काढायला बुवांना कारागीर लागत नाही, ते घरी बसून दोन मिनिटांत काढतील. मग ते दुकानात का आले? साक्षीदार हवा म्हणून. "मी मनापासून गायलो नाही" हे पुढे कुणीतरी सांगावं म्हणून. आणि सोमवारी केंद्रावर एखाद्या जाणत्या माणसाच्या लक्षात आलं की तंबोरा मुका आहे, तर मंगळवारी पोलीस कुणाच्या दुकानात येतील? बुवा मोठे आहेत, त्यांना ताकीद मिळेल. कारागीर जाईल.

कथा मला तिथून पुढे हवी आहे. मोठ्या माणसाच्या छोट्या बंडाची किंमत दुसराच भरतो.

अजिंक्यतारा

खरज यांच्या मुद्द्याला शंभर वेळा अनुमोदन. मला आणखी एक अडचण आहे. ताई, धाग्यात तुम्ही म्हणालात की झुकलेल्या माणसाची गोष्ट हवी. आणि कथेत तुम्ही बुवांना पळवाट दिलीत. दोरे काढले, मन स्वच्छ झालं. हा वाकलेला माणूसच नाही, हा लपलेला वीर आहे. म्हणजे आपण फिरून 'कीचकवधा'लाच आलो, फक्त आवाज बारीक.

खरी अवघड गोष्ट अशी: बुवांनी जवारी लावलेला तंबोरा घेतला आणि ते स्तुतिगीत जीव ओतून गायले. कारण त्यांना वाईट गाताच येत नाही. चाल इतकी चांगली निघाली की दुसऱ्या दिवशी पोरं ती गुणगुणायला लागली. आता काय कराल?

हरिपूरकर

दोघांच्याही प्रतिसादांवर विचार करतेय. अजिंक्यतारा, तुमचं म्हणणं धाग्याच्या सुरुवातीला जे होतं त्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलंय आणि मला ते पटतंय. बुवा दोरे काढणार नाहीत. ते दुकानात येतील ते जवारी नीट करून घ्यायला, कारण सोमवारी बेसूर वाजलेलं त्यांना चालणार नाही. कारागीर पैसे घेईल, नेहमीएवढेच. कथा तिथून सुरू होईल.

पण मग एक नवाच पेच उभा राहतो. आख्मातोवाच्या १९५० च्या स्तुतिकविता फिक्या आहेत, वाचणाऱ्याला लगेच कळतं की हात आवळून लिहिलंय. तिथे निर्णय सोपा. गाणं चांगलं असेल तर त्याचं पुढे काय करायचं?

नेपथ्यवाला

याचं एक खरं उदाहरण आहे, बघा उपयोगी पडतं का.

शोस्ताकोविचनं १९४९ मध्ये वनीकरणाच्या योजनेवर समूहगान बांधलं, त्यात स्तालिनचा गौरव होता. स्तालिन गेल्यावर शब्द बदलले, नाव गाळलं, सूर तेच राहिले. त्याहून मोठं उदाहरण रशियाच्या राष्ट्रगीताचं. १९४३ मध्ये सेर्गेई मिखाल्कोवनं सहलेखकासोबत शब्द लिहिले, त्यात स्तालिन होता. १९७७ मध्ये त्यानंच शब्द बदलले, स्तालिन गेला आणि लेनिन राहिला. सोव्हिएत संघ कोसळला. २००० मध्ये तीच चाल परत आणली तेव्हा नव्या रशियासाठी नवे शब्द पुन्हा मिखाल्कोवनंच लिहिले, वय वर्षं सत्त्याऐंशी. एक माणूस, एक चाल, तीन राजवटी.

आलेक्सांद्रोवची ती चाल भव्य आहे, हे नाकारता येत नाही. त्यावर उभं राहताना छावणीत बाप गमावलेल्या माणसाला काय ऐकू येत असेल? काही रशियन लोक २००० मध्ये म्हणालेच होते की आम्ही या चालीला उभे राहणार नाही. म्हणजे खरज यांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. शब्द काढले तरी सुराला सगळं आठवत असतं.

खरज

पटलं.

वाटेगावची_लेक

मग ताई, बुवांच्या एका शिष्येला कथेत आणा. राजवट पडून वीस वर्षं झालीयत, बुवा गेलेत. तिच्याकडे त्यांच्या सगळ्या चीजा आहेत आणि त्यातली सगळ्यात चांगली ती स्तुतिगीताची चाल. कारागिराच्या घरातलं कुणीतरी त्या राजवटीत गेलेलं आहे आणि मैफलीला तंबोरा त्याच घरातून आलाय. शब्द बदलून गायचं, नुसता आलाप-तराणा करून गायचं, की वहीतच ठेवायचं? मिखाल्कोवसारखं शब्द बदलणं तिला स्वस्तातलं वाटेल. वहीत ठेवलं तर गुरूचं सगळ्यात चांगलं काम मरतं.

मला विचाराल तर तिनं आधी कारागिराच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर ते गावं, मूळ शब्दांसकट, आणि पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू द्यावं. ते "नको" म्हणाले तर नको. तो प्रसंग लिहा, आणि लिहून झाला की इथेच टाका.